‘मिश्रण’ या संज्ञेची मर्यादा : तळावलीच्या सांताना चर्चच्या अनुषंगाने गोमंतकीय बरोक कलेची चिकित्सा

प्रस्तावना

वसाहतकाळात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती धर्मवास्तूंविषयी लिहिताना अभ्यासक एक शब्द हमखास वापरतात. तो शब्द म्हणजे ‘मिश्रण’. पेरू-बोलिव्हियाच्या आंदेस पर्वतराजीतील चर्च असो वा गोव्यातील, ‘येथे युरोपीय आणि देशी कलेचे मनोहर मिश्रण आढळते’ हे विधान केले की विवेचन पूर्ण झाले असे मानण्याची प्रथा पडली आहे. विधान चुकीचे नाही, मात्र ते अपुरे आहे. कोणी मिसळले, कोणाच्या आज्ञेने मिसळले, मिसळताना कोणाचे काय पुसले गेले आणि पाहणाऱ्याला त्यात काय दिसले, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात.

प्रस्तुत लेखात गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील तळावली येथील संत आन्नाच्या, म्हणजे लोकभाषेत ‘सांताना’च्या, चर्चचा विचार मध्यवर्ती ठेवून या संज्ञेची चिकित्सा करावयाची आहे. जुन्या गोव्यातील चर्चसमूहाला युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, परंतु त्या यादीत सांतानाचा समावेश नाही. मराठी वाचकाला बॉम जेझस बासिलिका आणि से कॅथेड्रल ही नावे परिचित असतात, सांताना सहसा नसते. तरीही गोमंतकीय कलेचे ज्येष्ठ अभ्यासक जोसे परेरा यांनी भारतीय बरोक शैलीच्या विवेचनात या चर्चला अत्युच्च स्थान दिले आहे. हे स्थान कशाच्या बळावर मिळते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय विदर्भातील वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांच्या समाधीची घडण पाहिली, तर दख्खनी सुलतानशाहीतील कबरींच्या वास्तूशी असलेले तिचे नाते चटकन लक्षात येते. लखुजींचा १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाहीत घात झाला. ज्या दरबाराने घात केला, त्याच दरबाराच्या वास्तुपरंपरेतील आकार त्यांच्या समाधीने धारण केले. त्या समाधीला ‘हिंदू-मुस्लिम शैलीचा संगम’ म्हणून मोकळे होणे जितके सोयीचे, तितकेच ते त्या वास्तूमागील इतिहासावर अन्याय करणारे आहे. गोव्यातील चर्चविषयीही नेमके हेच म्हणावयाचे आहे.

आंदेसमधील वाद आणि त्याचा उपयोग

गोव्याकडे वळण्यापूर्वी आंदेसमधील अभ्यासाचा थोडक्यात परामर्श घेणे उपयुक्त ठरेल, कारण ‘मिश्रणा’ची चर्चा सर्वांत नेटाने तेथे झाली आहे. अरेकिपा येथील जेझुइट चर्चचा १६९८ चा दर्शनी भाग आणि पोतोसी येथील सान लोरेन्सो चर्चचे १७२८ ते १७४४ या काळातील प्रवेशद्वार ही या शैलीची गाजलेली उदाहरणे होत. सपाट, दाट, वस्त्रावरील विणकामासारखे भासणारे कोरीवकाम, स्थानिक फुले व फळे, सूर्य-चंद्र, आणि तंतुवाद्य वाजवणाऱ्या मत्स्यकन्या असे त्याचे स्वरूप आहे. अर्जेंटिनाचे वास्तुकार आन्हेल गिदो यांनी १९२५ मध्ये स्पॅनिश आणि देशी कलेच्या ‘एकीकरणा’चा सिद्धांत मांडला आणि पुढे या कलेला ‘मेस्तिसो’, म्हणजे संकरित, असे नाव रूढ झाले.

या नावाला विरोधही झाला. अमेरिकन कलेतिहासकार जॉर्ज कुब्लर यांचा कल ही कला युरोपीय नमुन्यांची प्रांतीय आवृत्ती मानण्याकडे होता. त्यात ‘देशी आत्मा’ शोधणे त्यांना अनाठायी वाटे. उलट बोलिव्हियाच्या तेरेसा गिसबर्त यांनी सान लोरेन्सोच्या मत्स्यकन्यांचा संबंध तितिकाका सरोवराच्या पुराकथेतील केसिंतू आणि उमंतू या मत्स्यस्त्रियांशी जोडला. गॉव्हिन अलेक्झांडर बेली यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात या संपूर्ण परंपरेचा नव्याने आढावा घेतला.

या वादातून आपल्यासाठी एक महत्त्वाची शिकवण निघते. एकाच दगडी आकृतीत एका अभ्यासकाला ग्रीक पुराणातील जलपरी दिसते आणि दुसऱ्याला तितिकाकाची देवता. यांपैकी कोण ‘बरोबर’, हा प्रश्न बहुधा निष्फळ असतो. युरोपीय धर्मगुरूला त्या आकृतीत एक गोष्ट वाचता येत होती आणि स्थानिक उपासकाला दुसरी, हीच त्या आकृतीची टिकून राहण्याची युक्ती होती. म्हणजे अर्थाचे द्वैत हे त्या आकृतीच्या घडणीचेच अंग होते आणि तिच्या जिवंतपणाची ती अट होती. मात्र पोतोसीत चांदीच्या खाणींवर आदिवासींना सक्तीने राबवले जात होते, हे विसरून त्या कोरीवकामाचे कौतुक करता येत नाही. वास्तूचे सौंदर्य आणि तिच्यामागची सक्ती ही दोन्ही एकाच वाक्यात उच्चारता आली पाहिजेत. गोव्याच्या बाबतीत हे वाक्य लिहिणे अधिक अवघड आहे, कारण येथे सक्तीचे आणि सहभागाचे धागे अधिक गुंतलेले आहेत.

सांताना : वास्तू आणि तिचा काळ

सांतानाची उभारणी १६८१ च्या सुमारास धर्मगुरू फ्रान्सिस्को दो रेगो यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि १६९५ मध्ये आंतोनिओ फ्रान्सिस्को द कुन्हा यांच्या काळात पूर्ण झाली. मजल्यावर मजले चढवत नेलेला उंच दर्शनी भाग, त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे चौकोनी मनोरे, भिंतीत शिंपल्याच्या आकाराचे छत्र धारण केलेले कोनाडे आणि जाड भिंतींच्या पोटातून काढलेल्या वाटा ही या वास्तूची ठळक वैशिष्ट्ये होत. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन पंथीयांच्या ‘नोसा सेन्योरा द ग्रासा’ या भव्य चर्चच्या दर्शनी भागाशी सांतानाचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या मूळ चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि आज तेथे एका मनोऱ्याचा भग्न अवशेष तेवढा उभा आहे. म्हणजे राजधानीतील युरोपीय पंथाने उभारलेला नमुना नष्ट झाला आणि खेड्यातील चर्चने तो आपल्या अंगावर जपला.

येथे कालक्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ज्या चौदा वर्षांत ही वास्तू उभी राहत होती, ती वर्षे गोव्याच्या इतिहासातील अत्यंत अस्थिर वर्षे होती. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी जुव्याचा किल्ला घेऊन पोर्तुगीज राजधानीला थेट आव्हान दिले. मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुढे आपली राजचिन्हे ठेवून शहराचे रक्षण त्या संतावर सोपवले, ही घटना प्रसिद्ध आहे. त्याच आल्व्होरने पुढच्याच वर्षी, म्हणजे जून १६८४ मध्ये, स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला आणि लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मावले.

एका बाजूला भाषेवर बंदी आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक धर्मगुरूंच्या देखरेखीखाली बांधले जाणारे एक अपूर्व चर्च, हे दृश्य ‘मिश्रण’ या सौम्य शब्दात मावणारे नाही. याच दशकात गोमंतकीय धर्मगुरूंनी आपला स्वतंत्र ‘ओरातोरियन’ संघ स्थापन केला. जोसेफ वाज (१६५१-१७११) हे त्याच संघाचे होते. श्रीलंकेत कार्य केलेल्या या धर्मगुरूंना २०१५ मध्ये संतपद मिळाले. युरोपीय पंथांमध्ये देशी धर्मगुरूंना बरोबरीचे स्थान नाकारले जात होते, ही या संघामागची पार्श्वभूमी आहे. सांतानाचा उत्तुंग दर्शनी भाग या संदर्भात वाचला असता वेगळा दिसू लागतो. धर्मगुरू म्हणून ज्यांना दुय्यम लेखले जात होते, त्यांनी राजधानीतील सर्वांत भव्य नमुन्याशी स्पर्धा करणारी वास्तू आपल्या गावात उभी केली. हे अनुकरण आहे यात शंका नाही. मात्र त्यात बरोबरीचा दावाही आहे.

पावलो व्हारेला गोमिश यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात ‘इंडो-पोर्तुगीज’ या विशेषणावर जो आक्षेप घेतला आहे तो येथे समर्पक ठरतो. त्यांच्या मते ही चर्च पोर्तुगीज आणि भारतीय अशा दोन घटकांची बेरीज नसून गोव्यातील कॅथलिक समाजाने घडवलेली ‘गोमंतकीय’ वास्तुकला आहे. हे मत मोलाचे आहे. परंतु त्यात एक पोटप्रश्न शिल्लक राहतो. ‘गोमंतकीय समाज’ म्हणजे नेमका कोण? गावकरी संस्थेतील वरिष्ठ जातींची धर्मांतरित घराणी, धर्मगुरू आणि चर्चच्या ‘कोंफ्रारिया’ या मंडळांतील मानकरी यांच्या आकांक्षा या वास्तूत स्पष्ट उमटतात. परंतु जातिभेद धर्मांतरानंतरही टिकला आणि त्या मंडळांतील मानपानातही तो दिसत राहिला. जांभा फोडणारा, चुना मळणारा आणि लाकूड कोरणारा माणूस या व्याख्येच्या कडेलाच राहतो. म्हणून पुढचा प्रश्न कारागिराचा.

कारागिराचा हात : मनाई आणि गरज

गोवा १५१० मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात आला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. १५६० मध्ये सुरू झालेले धर्मसमीक्षण मधल्या अल्प खंडाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत चालू होते. या काळात हिंदू कारागिरांचे स्थान विलक्षण पेचाचे होते. १५६७ च्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने हिंदूंकडून ख्रिस्ती मूर्ती, चित्रे आणि पूजेची उपकरणे करवून घेण्यास मनाई केली. अशा मनाया पुढेही निघत राहिल्या.

मनाई पुन्हा पुन्हा काढावी लागते याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. चर्चला मूर्ती हव्या होत्या, त्या घडवण्याचे कसब ज्यांच्याकडे होते त्यांपैकी बरेचसे हिंदू होते, आणि युरोपातून पुरेसे कलावंत येणे शक्य नव्हते. त्यामुळे देव बदलला तरी हात तेच राहिले. संत झेवियरची चांदीची शवपेटी हे त्याचे दर्शनीय उदाहरण होय. जेझुइट मार्सेलो मास्त्रिल्ली यांच्या कल्पनेनुसार ती १६३६-३७ मध्ये गोव्यातील रौप्यकारांनी घडवली. तिच्यावर संताच्या चरित्रातील प्रसंगांचे ठसे आहेत. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवलेला असून तो १६९८ मध्ये बसवण्यात आला. चौथऱ्याच्या शिल्पकाराचे नाव इतिहासाला ठाऊक आहे आणि शवपेटी घडवणारे सामान्य वाचकाला केवळ ‘गोव्याचे रौप्यकार’ म्हणून माहीत असतात. मिश्रणाचे कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखनात ही असमानता तशीच पुढे चालू राहते. युरोपीय घटकाला व्यक्तिनाम मिळते, देशी घटकाला केवळ ‘प्रभाव’ हे नाव मिळते.

कारागिराच्या हाताचा ठसा हस्तिदंती मूर्तींत अधिक बोलका होतो. सतराव्या शतकातील ‘बाल मेंढपाळ येशू’ या मूर्तिप्रकारात बाळ येशू डोंगरासारख्या उतरंडीवर बसलेला असतो. एक हात गालाला टेकवून त्याने डोळे मिटलेले असतात. खांद्यावर आणि मांडीवर कोकरू असते. खाली जलस्रोत, पाणी पिणारी मेंढरे आणि गुहेत पहुडलेली मग्दालेना असते. या मिटलेल्या डोळ्यांत कोणाला ध्यानस्थ बुद्ध दिसतो, तर गुराख्याच्या वेषातील बाळात कोणाला गोकुळातला कृष्ण. ख्रिस्ती अर्थाने मात्र तो आपल्या कळपाची राखण करणारा मुक्तिदाताच असतो. संशोधकाने यांपैकी एक अर्थ निवडून दुसरा खोडून काढण्याची घाई करू नये. बाळाची ही निद्रिस्त मुद्रा भारतीय कारागिराला सहज साधली, कारण ध्यानाची मुद्रा घडवण्याचा सराव त्याच्या परंपरेत शतकानुशतके होता. गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात या काळातील अशा वस्तूंचे जतन झाले आहे. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वास्तूत हलवण्यात आले.

नागकन्या की जलपरी?

आंदेसमधील मत्स्यकन्यांचा वाद गोव्यात प्रवचनपीठांच्या रूपाने भेटतो. गोमंतकीय चर्चमधील काही लाकडी प्रवचनपीठांच्या तळाशी अर्धी मानवी आणि अर्धी खवलेदार शेपटीची आकृती भार पेललेली दिसते. युरोपीय अलंकरणाच्या छापील नमुन्यांत अशा आकृती विपुल होत्या आणि ते नमुने जहाजांतून गोव्यात येत असत. म्हणून ही केवळ नक्कल, असे कुब्लर यांच्या पद्धतीने म्हणता येईल. तथापि ज्या भूमीत वारुळाची पूजा होते आणि नागपंचमी घरोघर पाळली जाते, त्या भूमीतील सुताराने ती शेपटी कोरताना आणि उपासकाने ती पाहताना नागाची आठवण झाली नसेल असे मानणे अवघड आहे.

येथे एक सूक्ष्म भेद नोंदवणे आवश्यक वाटते. नागआकृती प्रवचनपीठाच्या तळाशी आहे आणि धर्मगुरू तिच्या वर उभा राहून बोलतो. धर्मसत्तेच्या दृष्टीने हा विजयाचा आलेख आहे. जुने दैवत पायाखाली, नवे वचन वर. परंतु भारतीय दृष्टीला भार पेलणारा शेष ही पराभवाची खूण वाटत नाही. तो आधार असतो, पृथ्वी त्याच्याच मस्तकावर असते. एकच रचना सत्तेला आपल्या विजयाची ग्वाही देते आणि उपासकाला आपल्या दैवताच्या आधाराची. अशा ठिकाणी ‘मिश्रण’ हा शब्द फार सपाट ठरतो. दोन द्रव मिसळले की दोहोंची चव हरवते. येथे मात्र दोन्ही अर्थ शाबूत राहून एकमेकांशी झुंजत आहेत.

शब्दांतील बरोक

हीच प्रक्रिया मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त पाहावयास मिळते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११,००० ओव्यांचे हे पुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीच्या थोरवीचे वर्णन शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित झाले आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. स्टीफन्स यांनी ओवी हा छंद आणि पुराण हा वाङ्मयप्रकार स्वीकारला, इतकेच नव्हे तर स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही योजला. विष्णूला वगळून वैकुंठ ठेवावयाचे, हा प्रयत्न शेषाला पायाखाली घालून त्याच्या आधारावर उभे राहण्यासारखाच आहे. श्रोत्याच्या मनातील वैकुंठातून विष्णू खरोखर निघून गेला असेल काय, हे कोणतीही धर्मपरिषद ठरवू शकत नव्हती.

१६८४ च्या भाषाबंदीनंतर या परंपरेची वाट खुंटत गेली. शब्दाची वाट अडली, परंतु चुना, लाकूड आणि हस्तिदंत यांची वाट खुली राहिली. भाषेवर हुकूम चालवणाऱ्यांना कोरीवकामाची भाषा तितकीशी वाचता येत नव्हती, असे एक कारण त्यामागे संभवते. १६१६ च्या पुराणात जे शब्दांनी केले गेले, तेच १६८१ नंतरच्या सांतानासारख्या वास्तूंत आकारांनी पुढे चालू राहिले, असे अनुमान काढण्यास वाव आहे. या अर्थाने क्रिस्तपुराण आणि सांताना यांचा अभ्यास एकत्र व्हावयास हवा. आपल्याकडे पहिले मराठी विभागाच्या आणि दुसरे इतिहास विभागाच्या वाट्याला जाऊन दोघांची भेटच होत नाही.

उलटा प्रवाह : देवळांवरील बरोक

बरोक हे केवळ वसाहतीने लादलेले वस्त्र होते काय, या प्रश्नाचे उत्तर चर्चमध्ये नसून देवळांत सापडते. सोळाव्या शतकात साष्टीतून स्थलांतरित झालेली दैवते फोंड्याच्या परिसरात स्थिरावली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा मंगेश मंगेशीस आला. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभे राहिले. या देवळांवर अष्टकोनी बैठकीचे घुमट, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, भिंतीतून डोकावणारे अर्धस्तंभ आणि कठडे दिसतात. हे सर्व घटक चर्चच्या शब्दकोशातील आहेत.

फोंडा त्या काळात पोर्तुगीज सत्तेबाहेर होता, तो १७६३ मध्ये तिच्याकडे गेला. म्हणजे ज्यांच्या दैवतांना पळवून लावले गेले, त्यांनीच पळवणाऱ्यांच्या वास्तुकलेतील आकार कोणत्याही सक्तीविना आपल्या दैवतांसाठी उचलले. याचे एक साधे व्यावहारिक कारण असे की चर्च आणि देवळे बांधणारे गवंडी व सुतार एकाच कारागीरवर्गातील होते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. सत्तेच्या वास्तूला जी भव्यता शोभते ती आपल्या कुलदैवतालाही शोभावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. सिंदखेड राजाच्या समाधीत आणि सांतानाच्या दर्शनी भागात कार्यरत असलेली प्रेरणा कवळ्याच्या घुमटातही ओळखू येते. आकार कोणा एका धर्माची मिरास नसतो. त्याचा अर्थ वापरणारा ठरवतो.

चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत पोहोचल्या. नाशिकचे नारोशंकर, मेणवली, भीमाशंकर येथील घंटांचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. त्या घंटा आज आरतीच्या वेळी वाजतात. येथे शैलीचे मिश्रण मुळीच नाही, केवळ वस्तूचे स्थानांतर आहे. तरीही अर्थ पूर्णतः बदलला आहे. मिश्रणाच्या सिद्धांताला हे उदाहरण समजावून सांगता येत नाही, अर्थाच्या संघर्षाच्या सिद्धांताला येते.

चुना आणि जांभा : पाहणाऱ्याचा डोळा

वास्तूचा अर्थ बदलवण्यात आधुनिक काळाचाही वाटा आहे. १५९४ मध्ये पाया घातलेली आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेली बॉम जेझस बासिलिका आज तांबड्या जांभ्याच्या उघड्या भिंतींनी ओळखली जाते. परंतु हे तिचे मूळ रूप नव्हे. १९५० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीज वास्तुकार बाल्ताझार काश्त्रो यांच्या कारकिर्दीत तिच्या बाह्य भिंतींवरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. उघडा दगड अधिक ‘प्राचीन’ आणि ‘अस्सल’ दिसतो, ही त्यामागची सौंदर्यदृष्टी होती. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. कोकणपट्टीच्या पावसात त्याला चुन्याचे आच्छादन लागते. ते गेल्याने भिंतींची झीज हा चिंतेचा विषय झाला असून गिलावा पुन्हा करण्याची मागणी वेळोवेळी पुढे आली आहे.

याच दशकात सालाझारच्या राजवटीने जिल्बेर्तो फ्रेरे या ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञाच्या विचारांचा आधार घेऊन पोर्तुगीज वसाहतवाद हा मुळातच सलोख्याचा आणि संकराचा होता असा प्रचार चालवला होता. ‘मिश्रण’ हा शब्द त्या काळी राजकीय शस्त्र होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण तो शब्द पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि आपल्या व्याख्यानांत तसाच राहिला. याउलट, ही चर्च म्हणजे परकीय जुलमाची स्मारके एवढेच मानणारा दुसरा दृष्टिकोनही आहे. पहिला दृष्टिकोन पाडलेली देवळे विसरतो. दुसरा दृष्टिकोन ज्या देशी हातांनी ती चर्च घडवली आणि ज्या देशी मनांनी ती आपली मानली, त्यांना विसरतो. दोन्हींत कारागीर आणि उपासक गैरहजरच असतात.

नवसाची काकडी

उपासकाला हजर करण्यासाठी सांतानाकडेच परतावे लागते. संत आन्ना ही मरियेची आई. ख्रिस्ती परंपरेनुसार तिला उतारवयात अपत्यप्राप्ती झाली. २६ जुलै हा तिचा दिवस. जुलैच्या अखेरच्या रविवारी तळावलीत ‘तवशांचें फेस्त’ भरते. अपत्य हवे असलेली जोडपी संत आन्नाला तवसे, म्हणजे काकडी, अर्पण करतात. पावसाळ्यातील नवे पीक, ओटी भरल्याप्रमाणे दिलेले फळ आणि नवसाची भाषा ही सारी मांडणी महाराष्ट्रातील कोणाही भाविकाला ओळखीची वाटेल. या फेस्ताला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही जातात.

या प्रथेत यमकाला विशेष महत्त्व आहे. पोर्तुगीज भाषेत काकडी म्हणजे ‘पेपिनु’ आणि बाळ म्हणजे ‘मिनिनु’, म्हणून काकडीच्या बदल्यात बाळ. चमचा ‘कुल्येर’ आणि बायको ‘मुल्येर’, म्हणून वधू शोधणारा तरुण लाकडी डाव आणतो. वर शोधणारी तरुणी उडीद आणते, कारण कोकणी ‘उरीद’चे यमक पोर्तुगीज ‘मारिदु’शी, म्हणजे नवऱ्याशी, जुळते. शेवटच्या जोडीत एक शब्द देशी आणि एक परका आहे. १६८४ मध्ये ज्या भाषेवर बंदी घातली गेली, त्या भाषेतील एक शब्द राज्यकर्त्यांच्या शब्दाशी यमक जुळवून संताच्या पायाशी पोहोचला. धर्मपरिषदांच्या मनायांना आणि व्हाइसरॉयच्या हुकमांना सामान्य माणसाने दिलेले हे उत्तर होय. त्यात बंडाचा आवेश नाही, शरणागतीही नाही. आपली गरज, आपले पीक आणि आपला शब्द घेऊन तो परक्या दैवताच्या दारात गेला आणि ते दैवत त्याने आपले करून घेतले.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला असा की वसाहतकालीन धर्मवास्तूंचे परीक्षण ‘मिश्रण’ या एका संज्ञेवर थांबवता येणार नाही. आज्ञा आणि पैसा कोणाचा, हात कोणाचे आणि डोळे कोणाचे, हे तीन प्रश्न प्रत्येक वास्तूला स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. सांतानाच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात. पुढाकार गोमंतकीय धर्मगुरूंचा आहे, नमुना युरोपीय पंथाचा आहे, श्रम कारागिरांचे आहेत आणि आजचा अर्थ नवस बोलणाऱ्या भाविकांचा आहे.

दुसरा निष्कर्ष असा की सौंदर्य आणि सक्ती यांना परस्परांचे खंडन मानण्याची गरज नाही. देवळे पाडली गेली हे सत्य आहे. त्यानंतर त्याच भूमीत अजोड वास्तू उभ्या राहिल्या हेही सत्य आहे. एका सत्याने दुसरे झाकणारी समीक्षा, मग ती गौरवपर असो वा निषेधपर, समीक्षा म्हणून उणी पडते.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. ‘क्रिस्तपुराण’ शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने सांतानाचे छायाचित्र वर्गात न्यावे आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवणाऱ्याने स्टीफन्सचे ‘वैकुंठ’ विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. आपल्या जिल्ह्यातील समाधी, मशिदी आणि देवळे यांनाही हीच प्रश्नावली लावून पाहता येईल. जांभ्याऐवजी काळा पाषाण असेल, व्हाइसरॉयऐवजी सुलतान असेल, परंतु घडवणाऱ्या हाताचे नाव बहुधा तेथेही गाळलेलेच आढळेल. ते शोधण्याचे काम ‘संगम’ आणि ‘मिश्रण’ या शब्दांपाशी थांबल्याने आजवर अपुरे राहिले आहे.